अर्ध्या ओळखीची माणसं

दिवाळीला गावी गेलेल्या नोकरदाराला फराळाच्या ताटाबरोबर एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "आमच्या पोराचं बघा की कुठंतरी." पोरगा दाराशी उभा असतो. डिप्लोमा झालेला, नाहीतर बी.ई. होऊन दीड-दोन वर्षं लोटलेला. पाहुणा म्हणतो, "बायोडाटा पाठव व्हॉट्सअ‍ॅपवर." पोरगा त्याच रात्री पाठवतो. पाहुणा तो उघडून पाहतो आणि पुढे काहीच होत नाही. पाहुणा वाईट माणूस नसतो. नोकरी देणं आपल्या हातात नाही हे त्याला ठाऊक असतं, आणि जे देता येत नाही त्याबद्दल बोलून काय उपयोग, असं त्याला मनापासून वाटतं.

हा लेख त्या पोरासाठी आहे आणि तितकाच त्या पाहुण्यासाठी आहे. पुण्याजवळच्या भोसरी, चाकण, रांजणगाव, हिंजवडी या पट्ट्यात काम शोधणाऱ्यांशी आणि काम देणाऱ्यांशी मी बरीच वर्षं बोलत आले आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. नोकरी देणारा एखादाच असतो. ती कुठे आहे हे सांगू शकणारे मात्र कितीतरी असतात, आणि आपण त्यांना विचारतच नाही. त्यांनाही आपण काही सांगू शकतो, हे सुचत नाही.

अमेरिकेतल्या मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन या गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं, तुम्हाला ही नोकरी कळली कुणाकडून? १९७३ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी, वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून ती कळलेले जेमतेम १७ टक्के होते. निम्म्याहून जास्त लोकांना अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून कळली, आणि सुमारे २८ टक्क्यांना वर्षातून एखादवेळी दिसणाऱ्या किंवा तेवढाही न दिसणाऱ्या माणसाकडून. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी सदस्यांच्या माहितीवर झालेला अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला, त्याचाही कल बराचसा असाच निघाला. कारण समजायला अवघड नाही. घरच्यांना आणि जिवलग मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी येते ती दुसऱ्या कंपनीतून, दुसऱ्या गावातून, जुन्या पाळीतल्या सहकाऱ्याकडून. म्हणजे अर्ध्या ओळखीच्या माणसाकडून.

आपल्याकडे ओळखीचं नाव काढलं की वशिला आठवतो, आणि त्यालाही इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हातात असे. रत्नागिरीहून, साताऱ्याहून आलेला माणूस गावकीच्या खोलीत पथारी टाकायचा, खाणावळीत जेवायचा आणि सकाळी गिरणीच्या दारात उभा राहायचा. कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आज कोणाला बदली घ्यायचं, हे जॉबर ठरवायचा. बायकांच्या खात्यात हीच सत्ता नायकिणीकडे असे. त्यासाठी दस्तुरी द्यावी लागायची. कामगारविषयक रॉयल कमिशनच्या १९३१ च्या अहवालात या लाचखोरीची नोंद आहे. पुढे १९३५ मध्ये गिरणीमालकांनी बदली कामगारांची नोंद ठेवायची पद्धत आणली, ती जॉबरच्या या मनमानीला आळा घालण्यासाठीच. गिरण्या गेल्या, तरी नोकरीसाठी कुणाच्या तरी हातावर काहीतरी ठेवावं लागतं ही समजूत आपल्या घराघरांत अजून शाबूत आहे. तिचा फायदा कोण उठवतं ते पुढे सांगते.

चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागाच्या मुलाखती चालू होत्या, तेव्हा मला तिथे बसायला मिळालं. मॅनेजरने प्रश्नपत्रिका वगैरे काही ठेवली नव्हती. टेबलावर लेथवरून आलेला एक तुकडा होता आणि एक व्हर्निअर. येईल त्या मुलाला तो म्हणायचा, "याचा बाहेरचा व्यास सांग." बहुतेकांनी व्हर्निअर उचलला, तुकडा धरला आणि आकडा सांगितला. बरेच आकडे बरोबर वाचलेले होते. मॅनेजर मात्र बघत होता वेगळंच : तुकड्यावरचं तेल आणि व्हर्निअरचे जबडे आधी पुसतो का, आणि जबडे मिटवून शून्यापुढे शून्य येतं का ते तपासतो का. तो व्हर्निअर मुद्दाम बिघडलेला ठेवला होता. एका मुलाने जबडे मिटवले, उजेडाकडे धरले आणि म्हणाला, "सर, याला झिरो एरर आहे. दोन घरं पुढे आहे, म्हणजे ०.०४ वजा करावे लागतील." मुलाखत तिथेच संपली.

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, हे कॉलेजात शिकवलं का? शिकवलं होतं, पण सवय लागली ती रांजणगावला ठेकेदाराकडे काम करताना. शेजारच्या मशीनवर एक वयस्कर ऑपरेटर होते. सगळे त्यांना दादा म्हणायचे. हा पोरगा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसायचा आणि त्यांच्या रिपोर्टमधली आकडेमोड करून द्यायचा. दादांनी त्याला हत्यार धरायला शिकवलं. चाकणच्या या जागेची खबरही त्यांनीच दिली होती. त्यांचा साडू तिथे स्टोअरला होता. साडूने शब्द टाकला नव्हता, टाकण्याइतकं त्याचं वजनही नव्हतं. "गुरुवारी मुलाखती आहेत, थेट कंपनीच्या पेरोलवर आहे, बायोडाटा गेटवर द्या" एवढंच त्याने कळवलं होतं.

म्हणून काम शोधणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं आहे : मोठ्या माणसाच्या मागे लागू नका, जिथे काम केलं तिथल्या माणसांची यादी करा. जुना शिफ्ट इनचार्ज, स्टोअरकीपर, मशीन दुरुस्तीला येणारा सर्व्हिस इंजिनिअर, ट्रेनिंगला बरोबर असलेली मुलगी, मालाच्या गाडीबरोबर येणारा पुरवठादाराचा माणूस. सर्व्हिस इंजिनिअर तर आठवड्याला पाच-सहा कारखाने फिरतो. कुठे नवी लाइन टाकताहेत हे त्याला जाहिरातीच्या कितीतरी आधी कळतं. फ्रेशर असाल तर कॉलेजचे दोन-तीन वर्षं पुढचे विद्यार्थी आणि वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर. या माणसांना "सर, जॉब असेल तर सांगा" असा निरोप धाडू नका. त्याला उत्तर देता येत नाही, म्हणून ते येतही नाही. असा लिहा :

"सर, नमस्कार. मी २०२३ मध्ये गिअर लाइनवर तुमच्या बी शिफ्टला ट्रेनी होतो. सध्या व्हीएमसीवर सेटिंग करतो, फानुक कंट्रोल आहे. जूननंतर बदल करायचा विचार आहे. तुमच्या आत्ताच्या कंपनीत सेटर थेट घेतात की ठेकेदारामार्फत, एवढं सांगाल का?"

या निरोपात मी कोण हे समोरच्याला आठवतं, मला काय येतं हे कळतं, आणि ज्याचं उत्तर एका ओळीत देता येईल असा प्रश्न आहे. उत्तर आलं की आभार माना आणि पुढे काय झालं तेही कळवा. नोकरी मिळाल्याचं आपण पेढे देऊन सांगतो; ज्याने वाट दाखवली आणि जमलं नाही, त्याला कळवायचं मात्र राहून जातं. त्याला कळवलंत तर पुढची खबरही तो तुम्हालाच देईल.

पाहुण्यालाही हेच लागू आहे. तुमच्या कंपनीत भरती साधारण कुठल्या महिन्यांत होते, सीटीसी कितीही छापलेली असली तरी हातात किती पडतात, पाळ्या कशा आहेत, कंपनीची बस कुठून सुटते, मुलाखतीत काय विचारतात, हे सगळं तुम्ही कुणाचीही शिफारस न करता सांगू शकता. बायोडाटा पाहून दोन गोष्टी सुधारायला लावू शकता. मी पाहिलेल्या बहुतेक बायोडाट्यांत 'हार्ड वर्किंग' आणि 'टीम प्लेयर' असतं, छंदही असतात. कुठल्या मशीनवर हात बसला आहे, ड्रॉइंग वाचता येतं का, ऑफसेट देता येतो का, रिपोर्ट कशात भरता येतो, याचा पत्ता नसतो. दहा मिनिटांचं हे काम आहे आणि ते वशिल्यात मोडत नाही.

पण इथे एक कठीण गोष्ट बोलायला हवी. ओळखीतून बातमी जाते ती आपल्यासारख्यांकडेच जाते. ज्याच्या घरात, भावकीत, वस्तीत कुणीच नोकरीला नाही, त्याच्या दारी दिवाळीला असा पाहुणा येतच नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले होते. तो अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत दलित नावांना बोलावणं येण्याचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांश भरलं, मुस्लिम नावांना एक तृतीयांश. त्याच सुमाराला सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलून दाखवलं, की गुणवत्तेची भाषा बोलणारे हे लोक उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी आवर्जून विचारतात. "कुठले तुम्ही?" यापाठोपाठ "आडनाव काय म्हणालात?" येतं, हे आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलं आहे आणि कितीजणांनी विचारलंही आहे. म्हणून खबर फक्त पुतण्याला देऊ नका. ती आयटीआयच्या इन्स्ट्रक्टरला द्या, तालुक्याच्या कॉलेजच्या प्लेसमेंट सरांना द्या, अभ्यासिकेच्या फळ्यावर लावा. ज्याला ओळखत नाही त्याच्यापर्यंत ती पोचली, तरच आपण काही केलं असं म्हणता येईल.

कामाच्या जागी आपण कसे वागतो, यातूनच या ओळखी तयार होतात. चाकणच्या कारखान्यांत लातूरची मुलं एका टेबलावर जेवतात, जळगावची दुसऱ्या, ओडिशा-बिहारची तिसऱ्या. गाववाल्यांत बरं वाटतं हे खरं, पण रोज तिथेच बसलं तर आपली ओळख गावापुरतीच राहते. आठवड्यातून दोनदा तरी डबा दुसरीकडे उघडावा. सहकाऱ्याने केलेलं काम वरिष्ठांसमोर त्याचं नाव घेऊन सांगावं. हे करायला काहीच लागत नाही, आणि माणसं ते वर्षानुवर्षं विसरत नाहीत. साहेबाच्या कानाला लागून कुणाची चहाडी करू नये. ज्याच्याविषयी आज बोललो, तो दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत मुलाखत घ्यायला बसलेला असतो. हा पट्टा वाटतो तेवढा मोठा नाही.

साहेब श्रेय लाटतात, तोंडी सांगून नंतर कानावर हात ठेवतात, ही तक्रार हिंजवडीतही ऐकते आणि भोसरीतही. भांडून यातलं फारसं काही सुटत नाही. लिहून ठेवल्याने पुष्कळ सुटतं. बैठक झाली की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाकावा : "सर, आज ठरल्याप्रमाणे मॉड्यूलचं टेस्टिंग मी शुक्रवारपर्यंत पूर्ण करते, डेटा संबंधित टीमकडून बुधवारी मिळणार आहे. काही राहिलं असल्यास सांगावं." यात आरोप नाही, आवाज चढवलेला नाही. शुक्रवारी काम अडलं तर ते कुठे अडलं हे सगळ्यांना दिसतं. शॉपफ्लोअरवर मेल नसतो, तिथे शिफ्टच्या वहीत नोंद करावी किंवा ग्रुपवर "साहेब, आपण सांगितल्याप्रमाणे मशीन बंद ठेवलं आहे" असं टाकावं. अपघात झाला तर हीच एक ओळ माणसाला वाचवते.

बाईमाणसाच्या वाट्याला याहून वाईट येतं, तेव्हा समजूतदारपणाचा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नये. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, तिच्या प्रमुखपदी वरिष्ठ स्त्री हवी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा हवा. तक्रार तीन महिन्यांत लेखी करायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपायला हवी. जिथे दहा माणसं नाहीत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती असते. ठेकेदाराकडची मुलगी, ट्रेनी, सफाई करणाऱ्या मावशी, सगळ्यांना हा कायदा लागू आहे. मेसेज पुसून टाकू नका, तारखा लिहून ठेवा, आणि पहिल्याच दिवशी एका विश्वासू सहकाऱ्याला सांगून ठेवा.

आता नोकरी सोडण्याविषयी, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होताना दिसतं. पोरं रागाच्या भरात निघून जातात. आज गेटपास टाकला आणि उद्यापासून यायचंच बंद केलं. पुढच्या कंपनीत बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला जुन्या एचआरकडे फोन जातो आणि नोंद निघते 'पळून गेला'. आयटीत नोटीस नव्वद दिवसांची असते आणि नवी कंपनी तीस दिवसांत या म्हणते. नवी ऑफर लेखी हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नये, आणि शेवटच्या दिवसापर्यंत काम नीट सोपवावं. बॉण्डवर सही करण्याआधी तो वाचावा. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या सेवेची आणि ती मोडल्यास दोन लाख रुपयांची अट वैध ठरवली, तेव्हा 'बॉण्ड कोर्टात टिकत नाही' या ऐकीव माहितीवर विसंबू नये. मूळ मार्कशीट मात्र कुणाकडेही ठेवायला देऊ नये. दाखवावी आणि लगेच परत घ्यावी.

कागदांत तीन गोष्टी बघाव्यात. पहिलं, नेमणूकपत्र हातात आहे का : २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी ते सर्वांना देणं बंधनकारक केलं आहे. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असाल तर ग्रॅच्युइटीचा हक्क आता एका वर्षाने येतो, पाचने नाही. दुसरं, पीएफ खरंच भरला जातोय का. पगारपत्रकावर १२ टक्के कापलेले दिसतात. ते खात्यावर पोचले का हे पासबुकातच कळतं, आणि ते यूएएन क्रमांकाने मोबाइलवर पाहता येतं. दर महिन्याला पाहा. ठेकेदाराने पैसे बुडवले तर मूळ कंपनीलाही जबाबदार धरता येतं, आणि ही जबाबदारी पगारालाही लागू आहे. तिसरं, नोकरी सोडल्याची तारीख पीएफच्या खात्यात चढली का. ती नसली की पैसे अडकतात. कंपनीने चढवली नाही तर शेवटचा हप्ता भरल्याला दोन महिने झाल्यावर सभासद स्वतः ऑनलाइन ती भरू शकतो, हे मी ज्यांना सांगितलं त्यांतल्या बहुतेकांना माहीत नव्हतं. आणि प्रत्येक वेळी पीएफ काढून मोकळं होऊ नये, नव्या खात्यात वळवावा. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी धरतात, आणि मध्ये पेन्शनचीही रक्कम काढून घेतली की ती वर्षं गेली.

काढून टाकण्याची वेळही येते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांहून जास्त, म्हणजे सुमारे दोन टक्के लोक कमी करण्याचं जाहीर केलं आणि त्यात मधल्या व वरच्या फळीतली माणसं प्रामुख्याने होती. घराचा हप्ता, मुलांची शाळा, आईवडिलांचं औषधपाणी असलेली ही माणसं. एचआर खोलीत बोलावून "तुम्हीच राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं राहील" म्हणतात, तेव्हा तिथल्या तिथे सही करू नका. "मला हे लेखी द्या, मी दोन दिवसांत कळवतो" इतकं म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. त्या दोन दिवसांत वकिलाशी किंवा कर्मचारी संघटनेशी बोला. आणि घरी सांगा. लॅपटॉपची बॅग घेऊन रोज सकाळी बाहेर पडणारी आणि वाकडच्या पुलाखाली बसून राहणारी माणसं मला भेटली आहेत. लपवण्यात गेलेले ते आठवडे त्यांना ओळखीच्या चार माणसांशी बोलण्यात घालवता आले असते.

आणि ती दस्तुरी. आता ती बनावट भरतीवाले घेतात : 'एअरपोर्टवर भरती', 'मोठ्या कार कंपनीत थेट पेरोल', युनिफॉर्मचे अडीच हजार, मेडिकलचे चार हजार, परत मिळणारं डिपॉझिट. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, यात अपवाद शोधू नका. कामगार म्हणून परदेशी जायचं असेल तर एजंटाची नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहा. नोंदणीकृत एजंटालाही ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. टुरिस्ट व्हिसावर थायलंड-कंबोडियाला कॉम्प्युटरचं काम म्हणून नेलेली मुलं सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबली गेली आहेत. पैसे गेले असतील तर लाजू नका. १९३० या क्रमांकावर त्याच तासात फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच परत येतात.

शेवटी, मुलाखती घेणाऱ्या वाचकांना एक विनंती. नकार कळवा. "आम्ही कळवतो" हे ऐकून मुलं तीन-तीन आठवडे दुसरीकडे अर्ज करत नाहीत, गावी जात नाहीत, पुण्यातल्या कॉटबेसिसच्या खोलीचं आणखी एका महिन्याचं भाडं उसनं घेऊन भरतात. निवड झाली नाही, आणि का झाली नाही, हे दोन वाक्यांत त्याच दिवशी सांगता येतं. ते सांगा.